निखारा होईपर्यंत

ग्रिलवरचं जेवण मसाल्यामुळे क्वचितच बिघडतं. दही टांगून घट्ट केलेलं असतं, आलं-लसणाचं प्रमाण चोख असतं, चिकन रात्रभर मुरलेलं असतं. कोळशाला मात्र वीस मिनिटं द्यायची कुणाची तयारी नसते. थर्टी-फर्स्टला गच्च्यांवर चालणारा प्रकार ओळखीचा आहे. एक जण पुठ्ठ्याने वारा घालतोय, दुसरा वरून रॉकेल नाहीतर गोडंतेल शिंपडतोय. भडका उठला की ‘पेटलं, पेटलं’ म्हणत सळया चढतात आणि अर्ध्या तासाने तंगडी बाहेरून काळी, हाडापाशी लाल. पेटलेला कोळसा आणि भाजायला तयार झालेला कोळसा यांच्यात २०-२५ मिनिटांचं अंतर असतं. निम्मं कसब या वेळात आहे, आणि उरलेलं बरंचसं हवा किती द्यायची यात.

आधी कोळसा. आपल्याला हवा तो लोणारी, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळसा खाणीतला. त्याच्या धुरात गंधक असतं, त्यावर थेट अन्न भाजू नये. लाकूड हवा कोंडून तापवलं की पाणी निघून जातं, मग धुराचे वायू आणि डांबर जातं, आणि मागे राहतो तो बहुतांशी कार्बन. पारंपरिक भट्टीत १०० किलो वाळल्या लाकडाचा २०-२५ किलो कोळसा पडतो. रायगडकडच्या कोळसाभट्ट्यांवर हे काम पिढ्यानपिढ्या कातकरी कुटुंबांनी केलं आणि अतिशय तुटपुंज्या मोबदल्यात केलं. पोत्यावर ते कुठे लिहिलेलं नसतं.

वखारीतून कोळसा घेताना दोन-चार तुकडे हातात घेऊन बघावेत. चांगला कोळसा आकाराच्या मानाने हलका लागतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतो, आणि मोडला तर आतून काळा चकचकीत दिसतो. आत तपकिरी लाकूड दिसलं तर तो अर्धकच्चा आहे. तो पेटेल, पण डोळ्यांतून पाणी काढेल. पोत्याच्या तळाशी साचलेली भुकटी ग्रिलमध्ये कधीच ओतू नये. तुकड्यांमधल्या फटी बुजतात, खालून हवा चढत नाही आणि लोकांना वाटतं कोळसाच वाईट. लिंबापासून मोसंब्याएवढे तुकडे उत्तम. मोठे ढेकळ फोडून घ्यावेत.

ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चच्या खळीत मळून दाबलेल्या वड्या. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डने मोटारींच्या लाकूडकामातला भुसा आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून मिशिगनमध्ये त्यांचा कारखाना काढला. पुढे तोच किंग्सफोर्ड हा कोळशाचा ब्रँड झाला. ब्रिकेट एकसारख्या जळतात, तासभर टिकतात, पण राख जास्त करतात. नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट पेटायला हट्टी, पण एकदा पेटल्या की दीर्घकाळ जळतात आणि राखही थोडी. मासे, पनीर, कणीस अशा झटपट कामाला साधा लाकडी कोळसा बरा. अख्खी कोंबडी किंवा मटणाची रान भाजायची तर ब्रिकेट. दोन गोष्टी मात्र चुकूनही घेऊ नयेत. एक, हुक्क्यासाठी मिळणाऱ्या झटपट पेटणाऱ्या चकत्या, कारण त्यांत पेट घेण्यासाठी रसायन घातलेलं असतं. दुसरं, बॉयलरसाठी विकला जाणारा ‘व्हाइट कोल’. नावात कोळसा असला तरी तो न जाळलेला, नुसता दाबलेला भुसा नाहीतर शेंगांची टरफलं असतात. धुराचा लोट उठतो.

आता भांडं. घुमटाकार झाकणाचं केटल ग्रिल १९५२ सालचं. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने बंदरातल्या धातूच्या बोयाचे अर्धगोल वापरून ते बनवलं. आपल्याकडची चाळीतली बादलीची शेगडी त्याच तत्त्वावर चालायची: मध्ये जाळी, जाळीवर कोळसा, खाली राख पडायला आणि हवा शिरायला दार. आतून मातीचा गिलावा, त्यामुळे पत्रा जळत नाही आणि धग धरून राहते. रमझानमध्ये मोहम्मद अली रस्त्यावर दिसणाऱ्या कबाबवाल्यांच्या सिगड्या लांब आणि अरुंद असतात, कारण सळईची दोन्ही टोकं काठांवर टेकली की वर जाळी लागतच नाही. मांस धातूला चिकटायचा प्रश्नच मिटला. सळया मात्र चपट्या हव्यात. गोल सळई फिरवली की सळई फिरते आणि खिमा जागच्या जागी राहतो.

फॅब्रिकेटरकडून ग्रिल करून घेणार असाल तर पत्रा २-३ मिलिमीटरचा घ्या. पातळ पत्रा दोन-तीन वेळा तापला की वाकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी नको, कारण जस्त तापून निघणारा धूर घातक असतो. बादलीची शेगडी करतानाही हे लक्षात ठेवावं, साधी चकचकीत बादली बहुधा जस्ताचीच असते. रसायनांचं जुनं पिंप अर्धं कापून ग्रिल करण्याची टूम आहे, ती सोडून द्यावी. कोळशाची जाळी आणि अन्नाची जाळी यांत १०-१५ सेंटिमीटर अंतर असावं, सळयांना ८-१० पुरतं. नवं ग्रिल पहिल्यांदा रिकामंच पेटवून अर्धा-पाऊण तास जळू द्यावं. घडणावळीचं तेल आणि रंगाचा वास जाऊन मग अन्न.

मांडायचं सपाट, न हलणाऱ्या जागी, भिंतीपासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून ३ मीटर दूर. मांडवाच्या कापडाखाली मुळीच नाही. वारा कुठून येतो ते बघून बसायच्या खुर्च्या मांडा. एक बादली वाळू शेजारी असावी. आणि आत कालची राख असेल तर आधी ती काढा. ‘कोळसा धरतच नाही’ या तक्रारीमागे दहातल्या आठ वेळा खालची भोकं राखेने बुजलेली असतात.

पेटवायला चिमणी घ्यावी, असं मी ठामपणे म्हणेन. चिमणी म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर व्यासाचं, ३० सेंटिमीटर उंचीचं पत्र्याचं नळकांडं, खालच्या बाजूला जाळी, तिच्याखाली कागदापुरती जागा आणि बाजूला भोकं. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचीही होते. झाकण-बूड कापायचं, खाली भोकं पाडायची, १० सेंटिमीटरवर जाड तारा आरपार घालायच्या. फक्त त्याला दांडा नसतो, म्हणून तो ग्रिलमध्येच ठेवून पेटवायचा आणि पकडीने उचलायचा. भरलेल्या चिमणीत लाकडी कोळसा दीड किलोच्या आतबाहेर मावतो, ब्रिकेट अडीच किलोच्या आसपास. चार-पाच जणांच्या जेवणाला एक चिमणी पुरे. नुसती कणसं किंवा भरताचं वांगं असेल तर अर्धीच भरा.

खाली वर्तमानपत्राचे दोन ताव सैलसर चुरगळून घाला. घट्ट बोळा जळत नाही, धुमसतो. कागदावर चमचाभर खाद्यतेल शिंपडलं तर तो दुप्पट वेळ जळतो, आणि या एका युक्तीने बरेच पहिले प्रयत्न यशस्वी होतात. कागद नको असेल तर कापराच्या चार-पाच वड्या, नारळाची वाळलेली शेंडी, किंवा करवंटीचे तुकडे. कोकणात चूल पेटवायला शेंडी वापरतात त्याला कारण आहे, ती लगेच धरते आणि टिकूनही जळते. चिमणी ग्रिलच्या कोळशाच्या जाळीवर ठेवूनच पेटवायची. फरशीवर ठेवली तर फरशी तडकते, लाकडी डेकवर ठेवली तर पुढचं सांगायला नको. तळाच्या दोन-तीन भोकांतून काडी लावायची आणि मागे सरकायचं.

पहिली पाच-सात मिनिटं पांढरट दाट धूर येणार. तो कागदाचा, कोळशातल्या ओलीचा आणि उरल्यासुरल्या डांबराचा. त्यात काही करायचं नाही. वरून ढवळायचं नाही, फुंकर मारायची नाही, दर मिनिटाला वाकून बघायचं नाही. तापलेली हवा वर चढते, खालून नवी हवा ओढली जाते, आणि प्रत्येक थर आपल्या वरच्या थराला पेटवत जातो. ढवळलं की हा क्रम मोडतो, पेटलेले तुकडे थंड कोळशात विखुरतात आणि पुन्हा सुरुवात होते. दहा मिनिटांनी धूर विरळ होतो आणि वरून लाल-पिवळ्या ज्वाळा दिसतात. त्यांत निळसर ज्योती नाचताना दिसल्या तर तो खालच्या थरात तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वर येऊन जळतोय. वरच्या तुकड्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या की चिमणी ओतायची. लाकडी कोळशाला १५ मिनिटं, ब्रिकेटला २०, करवंटीच्या ब्रिकेटला त्याहून जास्त. ओतताना जाड हातमोजे, बंद चप्पल, आणि तोंड वाऱ्याच्या बाजूला. ठिणग्या वाऱ्याबरोबर जातात.

चिमणी नसेल तर जाळीच्या मध्यभागी कोळशाची उतरंड करा, पोटात कापूर किंवा शेंडी ठेवून. यालाही तेच तत्त्व, फक्त वेळ अर्ध्या तासाच्या पुढे जातो. रॉकेल ओतून पेटवता येतं हे खरं, पण कोळसा सच्छिद्र असतो, तो रॉकेल पितो आणि तो वास पुढे तासभर पापलेटला लागतो. पेट्रोलचा विचारही नको. त्याची वाफ आधी पसरते आणि काडी ओढताच स्फोट होतो. भाजण्याच्या बऱ्याच घटना घडतात त्या मात्र तिसऱ्याच प्रकारात: विझला असं वाटून गरम कोळशावर पुन्हा द्रव ओतणं. तिथे काडीचीही गरज लागत नाही. ज्वाळा धारेवरून उलटी बाटलीपर्यंत येते.

चिमणी ओतली तरी लगेच काही चढवायचं नाही. सगळ्या तुकड्यांवर राखाडी साय येऊ द्यायची, फटींतून लाली दिसली पाहिजे. दिवसाउजेडी लाली दिसत नाही, तेव्हा राखेवरूनच ओळखायचं. झाकण लावून जाळी ५-१० मिनिटं तापवा. गरम जाळीवर तारेचा ब्रश फिरवा, किंवा काट्यात अर्धा कांदा खोवून तो तेलात बुडवून घासा. जाळी स्वच्छ होते आणि तारेचे केस अन्नात जायचं भय नाही. तेल जाळीला लावण्यापेक्षा अन्नाला लावावं.

धग किती आहे हे हात सांगतो. जाळीच्या १०-१२ सेंटिमीटर वर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, अंदाजे २३० ते २९० अंश सेल्सिअस. चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम. सात-आठ सेकंद सहज टिकला तर मंद. झाकणावरच्या थर्मामीटरपेक्षा हे खरं, कारण तो घुमटाखालची हवा मोजतो, जाळीवरची धग मोजत नाही.

हवेचं गणित समजून घ्यायचं तर पावसाळ्यातला कणीसवाला बघावा. त्याच्या शेगडीत कोळसा मूठभर असतो आणि गिऱ्हाईक नसताना त्यावर राख धरलेली असते. राख धग अडवते आणि हवाही कमी पोहोचू देते, म्हणून कोळसा निवांत, कमी खर्चात जळत राहतो. कणीस ठेवलं की तो पंखा हलवतो किंवा भात्याचं चाक फिरवतो. राख उडते, ऑक्सिजन पोहोचतो, आणि काही सेकंदांत निखारे पांढरट लाल होतात. कणीस झालं की पंखा थांबतो. आच कमी-जास्त करण्यासाठी तो कोळशाला हातही लावत नाही. केटल ग्रिलची भोकं हेच काम करतात. खालची भोकं आचेचा नळ आहेत: पूर्ण उघडी म्हणजे कडक, अर्धी म्हणजे मध्यम, किंचित म्हणजे मंद. वरचं भोक मात्र निम्म्याहून कमी करू नये. ते बंद केलं तर धूर कोंडतो आणि अन्नावर कडवट काजळी बसते. आच कमी करायची म्हणून लोक नेमकं तेच करतात. भोक फिरवल्यावर परिणाम दिसायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर पुन्हा फिरवू नये. झाकण उघडलं की हवा शिरते, निखारे भडकतात, म्हणजे ‘आच कमी होतेय का बघू’ म्हणून झाकण उचलणाऱ्याच्या हातून आच वाढते.

कोळसा पूर्ण जाळीभर सारखा पसरणं ही सर्वांत सामान्य चूक. दोन-तृतीयांश भागात दोन थर रचा, एक-तृतीयांश रिकामा ठेवा. रिकाम्या बाजूला आश्रय असतो: भडका उठला, काही लवकर काळं पडायला लागलं, की तिकडे सरकवता येतं. तंगड्या आधी याच बाजूला झाकणाखाली २५-३० मिनिटं ठेवाव्यात आणि शेवटची चार-पाच मिनिटं निखाऱ्यावर आणून रंग द्यावा. सांध्यापाशी आतलं तापमान ७४ अंश व्हायला हवं. सुरुवातीलाच निखाऱ्यावर टाकलं तर दह्यातली साखर आणि मसाला जळतो आणि आत उष्णता पोहोचायच्या आधी बाहेरची साल काळी होते. पापलेट उलट थेट आचेचं: ३००-४०० ग्रॅमचं असेल तर चिरा पाडून, पुसून कोरडं करून, मध्यम आचेवर दर बाजूला पाच-सहा मिनिटं. ओलं पापलेट चिकटतं. चिकटलं तर खरवडू नका. पृष्ठभाग खरपूस झाला की तो आपणहून जाळी सोडतो. मिनिटभर थांबून कड उचलून पाहा.

भडका उठतो तो चरबी किंवा मॅरिनेडचं तेल निखाऱ्यावर गळल्यामुळे. पाणी शिंपडू नये. वाफेबरोबर राख उडून अन्नावर बसते आणि चरबी अधिकच पसरते. अन्न रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण घाला. मॅरिनेडमधून काढलेले तुकडे निथळून घेतले तर हा प्रसंग फारसा येतच नाही.

वांगं हा मात्र घाई सहन करणारा पदार्थ आहे. दोन-चार टोचे मारावेत, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं, आणि तेलाचा हात लावून थेट निखाऱ्यांवर १५-२० मिनिटं फिरवत भाजावं. खानदेशात भरताची वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या आगीवर भाजतात. तो ज्वाळेचा, झटपट धुराचा स्वाद आहे, कोळशाला तो येत नाही. कोळशाचा स्वाद गळलेल्या रसाच्या आणि चरबीच्या धुरातून येतो. म्हणून कोळशावरच्या भरताला धुंगार देतात: वाटीत निखारा, वर तूप, झाकण दोन मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर भरीत धुराडं खाल्ल्यासारखं लागतं.

जास्त वेळ भाजायचं तर दर पाऊण तासाने कोळसा वाढवावा लागतो. कोरा कोळसा थेट टाकला तर पहिल्या धुराचा अन्नावर मारा होतो. चिमणीत वेगळा पेटवून मग तो घाला.

गटारीचा दिवस आषाढ अमावास्येचा, म्हणजे ऐन पावसाचा. त्या दिवशीच्या ग्रिलची रड बहुतेक ओल्या कोळशाची असते. कोळसा हवेतली ओल शोषतो, पोतं घरात असलं तरीही. ओला कोळसा धूर करतो, फटफट उडतो, आणि चिमणी अर्ध्यावर येऊन बसते. जूनआधीच पोतं उन्हात वाळवून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरून ठेवावं. ते जमलं नसेल तर आदल्या दिवशी दुसरं काही भाजताना कोळसा ग्रिलच्या कडेला सुकवून घ्यावा. आणि पाऊस आला म्हणून ग्रिल बंद बाल्कनीत, खोलीत, तंबूत किंवा गॅरेजमध्ये ओढू नये. जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि धूर थांबला, राख चढली, तरी तो निघतच असतो. थंडीत उबेसाठी शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती यामुळेच. खिडकीची फट पुरेशी असते असं मानू नये.

काम संपलं की वरची-खालची सगळी भोकं बंद करा. हवा तुटली की निखारे विझतात, पण ग्रिल तासन्‌तास गरम राहतं. शेगडीला झाकण नसेल तर चिमट्याने निखारे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवा. उरलेला अर्धवट जळलेला कोळसा फेकू नका. तो नव्यापेक्षा लवकर धरतो. पुढच्या वेळी चिमणीत नव्यात मिसळा, म्हणजे कोळशाचा खर्चही वाचतो. राखेत मात्र निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, कधीकधी तिसऱ्याही. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकायच्या आधी ती पत्र्याच्या डब्यात तीन-चार दिवस राहू द्यावी, किंवा पाणी घालून, ढवळून, पुन्हा पाणी घालून पूर्ण विझवावी. लाकडी कोळशाची गार राख कुंड्यांना चिमूटभर चालते, ती अल्कधर्मी असते म्हणून जास्त नको. अळू, मोगरा अशा आम्ल माती आवडणाऱ्यांना तर नकोच. ब्रिकेटची राख झाडांना घालू नये, त्यात आणखी काय मिसळलं होतं ते पाकिटावर नेहमी लिहिलेलं नसतं. आणि पावसात ग्रिल उघडं राहिलं तर आतली राख ओल धरून तळाचा पत्रा खाते, तेव्हा झाकण्याआधी राख काढलेली बरी.